कर्वेनगरची गुराब

३० सप्टेंबर, रविवार
सोसायटीची मीटिंग, पार्किंगमध्ये. गणपतीच्या खुर्च्या मंडपवाल्याने अजून नेलेल्या नाहीत, त्यामुळे बसायची सोय झाली. विषय: दिवाळीचा किल्ला. यंदा मुलांना जलदुर्ग हवाय, भोवती खरंखुरं पाणी. सेक्रेटरी जोगळेकर म्हणाले, जहाज बाजारातून आणू. थर्माकोलवर बंदी, प्लॅस्टिकवर बंदी, मग बाजारात काय मिळणार? कोणी म्हणालं, मागे चित्र लावा. मी आपलं सहज म्हटलं, कागदाचं करता येईल.
"कागदाचं? वहिनी, पाण्यात?" जोगळेकरच.
त्या 'पाण्यात'चा सूर ऐकला आणि म्हणाले, करते मी.
घरी आल्यावर सुधीर म्हणाला, "काय गरज होती?" नवरा म्हणून प्रश्न रास्त आहे.

१ ऑक्टो., सोमवार
शिवणक्लासची सकाळची बॅच. पाच जणींना कटोरी ब्लाउजचं कटिंग शिकवलं, डोकं जहाजात. मुली म्हणाल्या, मॅडम, तुम्ही दोनदा तेच सांगितलंत.
मनूचा मेसेज: जहाज सिंगापूरला लागलंय, कोळसा उतरवतायत, ती बरी आहे. मी नेहमीसारखं 'जेवलीस का' विचारलं. 'हो.' झालं संभाषण. सहा वर्षं मुलगी समुद्रावर आहे, आता सेकंड ऑफिसर झाली, आणि आमचं बोलणं अजून पोळी-भाजीच्या पुढे जात नाही. तिने या नोकरीत जाऊ नये असं मला वाटत होतं. तिला ते माहीत होतं. मग कामाबद्दल ती सांगत नाही, मी विचारत नाही.

४ ऑक्टो., गुरुवार
जोगळेकर ग्रंथालयातून दोन पुस्तकं घेऊन आले. जहाज ठरलं: गुराब. मराठ्यांच्या आरमारातली लढाऊ. एका चित्रात दोन डोलकाठ्या, दुसऱ्यात तीन. पुढचं टोक, नाळ म्हणतात त्याला, दोन्हीकडे सारखंच: लांब, खाली उतरलेलं, चोचीसारखं. समोरच्या तोफा तिच्यावरून मारा करायच्या.
जोगळेकर: तीनच हव्यात. मी: दोन. बराच वेळ वाद. सुधीर पेपरामागून म्हणाला, "अडीच करा."
दोन ठरल्या. मी इतिहासाचं कारण दिलं. खरं कारण, काम कमी.

६ ऑक्टो., शनिवार
रविवार पेठेत शेखभाईंकडे. पुठ्ठा आणि कार्डशीट त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून विकतात. क्लासच्या कटिंगचा ब्राउनपेपर मी त्यांच्याकडूनच आणते, लग्नाआधीपासून. जहाजाचं सांगितलं. चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.
"बाई, कागद कोरडा ठेवायला आम्ही पावसाळाभर दुकानात बल्ब लावून ठेवतो. तुम्ही तो पाण्यात सोडणार?"
"मेण लावेन."
"मेण लावा, नाहीतर मंत्र म्हणा." पण कार्डशीट मात्र निवडून दिली. वाकवून दाखवली: एका बाजूने सहज वळते, दुसऱ्या बाजूने कुरकुरते. कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यासारखंच की! इतकी वर्षं कागदावर कापड बेतते आहे, हे कधी लक्षात आलं नव्हतं.
येताना मंडईतून आवळे. सुधीरला रिक्षात गुंडाळी धरायला दिली तर त्याने ती बंदुकीसारखी खांद्यावर धरली. सिग्नलला लोक बघत होते.

९ ऑक्टो., मंगळवार
कणा आणि फासळ्या. पुठ्ठ्याच्या. मी हाताने काढलेल्या फासळ्यांची डावी बाजू उजवीशी जुळेना. ब्लाउजात अर्धा इंच इकडेतिकडे खपतो, शरीर सांभाळून घेतं. इथे कोणी सांभाळून घेत नाही.
जोगळेकर कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते. म्हणाले, कॉम्प्युटरवर काढून देतो. मी तोंड वाकडं केलं. संध्याकाळी प्रिंट घेऊन हजर. कापून लावल्या, सगळ्या चपखल. तसं बोलून दाखवलं.
"काय म्हणालात? ऐकू नाही आलं." त्यांना नीट ऐकू आलं होतं.

१३ ऑक्टो., शनिवार
कालपासून जहाजाच्या अंगावर कागद चढवतेय. मधल्या भागात छान बसला. नाळेपाशी चुण्या. पाण्याचा हात लावून बघितला, फाटला. तुकडे करून लावले, गोधडी दिसायला लागली. दोन दिवस याच्यात गेले. चिडचिड. आमटीत मीठ दोनदा.

१४ ऑक्टो., रविवार
आंघोळ करताना सुचलं. सपाट कापड गोल अंगावर बसवायला आपण काय करतो? टक्स घेतो! उरलेलं कापड चिमटीत धरून आत टाकायचं.
ओल्या केसांनीच बसले. नाळेच्या मुळाशी दोन्हीकडे एकेक टक, मग तो खाली कण्यापर्यंत कापत नेला, ब्लाउजच्या प्रिन्सेस कटसारखा. बसला! एकही चुणी नाही. हात फिरवत बसले बराच वेळ.
सुधीरला हाक मारली. तो बघून म्हणाला, "हे तर तुझं रोजचंच काम. फक्त बाई पालथी झोपलीय."
आज जेवणावर श्रीखंड मागवलं.

१८ ऑक्टो., गुरुवार. दसरा
काल खंडेनवमीला मशीन, कात्री, टेप यांच्या ओळीत गुराबीलाही हळदकुंकू. आज झेंडूचं फूल ठेवलं नाळेवर, तर ती पुढे कलंडली. फूल काढलं.
डोलकाठ्या: ओला कागद विणायच्या सुईवर घट्ट गुंडाळून, वाळल्यावर सुई ओढून काढायची. पेन्सिलीइतक्या टणक होतात. तोफा तशाच, जाड सुईवर. काळा रंग दिल्यावर खऱ्या वाटतात.
मनूला दसऱ्याचा मेसेज टाकला. जहाज निघालंय तिचं, चेन्नईकडे. रेंज असेल तेव्हा बघेल.

२१ ऑक्टो., रविवार
मेण दिलं. मेणबत्त्या वितळवून, ब्रशने, आतून-बाहेरून तीन हात. घरभर वास. सुधीर म्हणाला, चर्चमध्ये राहतोय असं वाटतं.
दुपारी चाचणी. कपडे भिजवायच्या टबात. जोगळेकर मुद्दाम आले, सौंसह. सोडली. तरंगली! टाळ्या वाजवायला हात उचलले आणि बाई आडव्या. डोलकाठ्या पाण्यात, तळ आकाशाकडे. दसऱ्याला फुलाने कलंडली तेव्हाच शंका यायला हवी होती. जोगळेकरांच्या सौ. म्हणाल्या, "चहा टाकू का मी?" माझ्याच घरात.
सुधीरने सगळं शूट केलं होतं. मला न विचारता मनूला पाठवलं. भांडले त्याच्याशी.

२३ ऑक्टो., मंगळवार
मनूचा व्हॉइस मेसेज. आधी नुसतं हसणं, तिचं ते नाकातून येणारं. मग म्हणाली, "आई, सॉरी. पण कसलं भारी केलंयस ते! आता ऐक."
आणि सांगायला लागली. वजन वर गेलंय. डोलकाठ्या जड, तळ हलका. त्यांचं जहाज रिकामं असलं की तळाच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरून घेतात, नाहीतर तेही असंच लोळेल. ते पाणी किती, कुठल्या टाकीत, हे ठरवतात तेव्हा ती तिथे उभी असते. वजन तळाला ठेव, मधोमध ठेव आणि हलणार नाही असं बांध. सुटं वजन नसलेल्यापेक्षा वाईट, कारण जहाज कललं की तेही त्याच बाजूला धावतं.
हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. शांत, एकेक शब्द सुटा, समोरच्याला कळलं की नाही याची वाट बघणारा. हाताखालच्या लोकांशी ती असं बोलत असणार. मेसेज परत ऐकला. सुधीरला ऐकवला. मग स्वयंपाकघरात जाऊन एकटीने ऐकला.
उत्तरात पहिल्यांदाच 'जेवलीस का' लिहिलं नाही. विचारलं, वजन कशाचं ठेवू?
"वाळू. पिशव्या शिव. तुला काय ते अवघड."

२५ ऑक्टो., गुरुवार
पॉपलीनच्या चिमुकल्या पिशव्या, बोटाएवढ्या, वाळू भरून, दोन फासळ्यांच्या मधे एकेक. सुटू नयेत म्हणून पुठ्ठ्याला टाचल्या. डोलकाठ्या नव्या, बारीक.
टबात सोडली. बोटाने ढकललं. कलली, आणि परत उभी राहिली. पुन्हा ढकललं. पुन्हा उभी.
क्लासच्या मुली आल्या तेव्हा मी टबापुढे पाटावर बसून ढकलतच होते.
व्हिडिओ मनूला पाठवला. एकच खूण दिसतेय, पोचला नाही.

२८ ऑक्टो., रविवार
मनूचा काही निरोप नाही. सुधीर पेपरात हवामानाचं पान आधी उघडतो आणि मला दिसू नये म्हणून घडी घालतो. बंगालच्या उपसागरात काहीतरी आहे. कंपनीला फोन केला त्याने. म्हणाले, जहाज ठीक आहे, रस्ता बदललाय, दोन दिवस उशीर.
ठीक आहे म्हणजे काय ते...
शिडं केली. जुन्या कटिंगच्या ब्राउनपेपरची. एकावर मनूच्या शाळेच्या स्कर्टची मापं निघाली, कंबर, उंची. तो तुकडा बाजूला ठेवणार होते, मग वापरला. आतली बाजू आहे, कोणाला दिसत नाही. दोऱ्या मेण लावलेल्या. गाठी मारताना हात थांबत नव्हता, थांबवायचाही नव्हता.

३० ऑक्टो., मंगळवार
सकाळी पोळ्या करताना फोन. मनू स्वतः, सॅटेलाइटवरून. आवाज मागून-पुढून.
वादळाची कड लागली. जहाज खूप हललं. तारेचा दोर सुटून एका खलाशाच्या दंडावर बसला, हाडापर्यंत नाही पण खोल. जहाजावर डॉक्टर नसतो. औषधपाणी सेकंड ऑफिसरकडे असतं, म्हणजे हिच्याकडे. हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं. किनाऱ्यावरचे डॉक्टर फोनवरून सांगत होते आणि हिने टाके घातले. जहाज हलत असताना. दोघांनी त्याला धरलं होतं, एकाने हिला.
"आई, सगळे टाके मीच घातले."
माझ्या तोंडातून निघालं, "सलग की सुटे?"
ती म्हणाली, "सुटे. प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ."
"बरोबर. एखादा उसवला तरी बाकीचे धरून ठेवतात."
"डॉक्टर पण तेच म्हणाले." मग म्हणाली, "तुझ्यासारखे नाही आले गं. वाकडे आलेत."
माझ्या क्लासमध्ये दोन उन्हाळे बसवलं होतं तिला. एक काज धड जमलं नव्हतं, पळून जायची सायकल घेऊन.
म्हटलं, "वाकडे असू देत. बसलेत ना?"
"बसलेत. त्याने आज सकाळी चहा प्यायला त्याच हाताने."
फोन कट झाला. पोळी जळली होती. सुधीरने गॅस बंद केला. दोघेही ओट्यापाशी उभे, तो डोळे पुसत होता आणि म्हणत होता धूर झालाय. धूर झालाच होता.

१ नोव्हें., गुरुवार
नवीन संकट. पाणीकपात. एक वेळ पाणी, तेही कमी दाबाने. मीटिंगमध्ये ए विंगवाले म्हणाले, लोकांना प्यायला नाही आणि तुम्ही समुद्र भरताय! मुद्दा खरा होता. जोगळेकरांचा चेहरा पडला. मुलांनी सिंहासनापर्यंत किल्ला आणलाय, तटाला माती लिंपून झाली, खाली ताडपत्रीचा हौद तयार.
मी म्हटलं, पाण्याच्या फिल्टरमधून जे वाया जातं ते प्रत्येक घरी बादलीत साठवा आणि आणून ओता.
ए विंगवाले: "आणि चार दिवसांनी त्या पाण्याचं काय?"
"झाडांना घाला. तुमच्याच विंगसमोर आहेत."
मंजूर. जोगळेकर जिन्यात म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षी सेक्रेटरी व्हा." म्हटलं, शिव्या देताय का?

४ नोव्हें., रविवार. वसुबारस
समुद्र भरतोय. सकाळ-संध्याकाळ बादल्या घेऊन लोक उतरतात, एरवी लिफ्टमध्ये मान फिरवणारेसुद्धा. ए विंगवाले सगळ्यात जास्त आणतात. पाणी ढोपराच्या खालपर्यंत आलंय.
गुराब पूर्ण. भगवं निशाण शेवटी लावलं, टिश्यूपेपरचं. टेबलावर ठेवून सगळ्या बाजूंनी बघितली. नाळेचा डावा टक जरा वर चढलाय. मलाच दिसतो.
मनू चेन्नईला पोचली. खलाशाला दवाखान्यात दाखवलं, तिथल्या डॉक्टरांनी टाके तसेच ठेवले.

६ नोव्हें., मंगळवार. नरकचतुर्दशी
अभ्यंगस्नान, फराळ, आणि सकाळीच सगळे खाली. महाराजांची मूर्ती वर बसली. जोगळेकर म्हणाले, तुम्हीच सोडा. साडीचा काठ खोचून वाकले, पाण्यावर ठेवली, हात काढला.
सरळ राहिली.
कोणीतरी फुंकर घातली मागून. ब्राउनपेपरची शिडं भरली! मला वाटलं नव्हतं भरतील. हळूहळू तटाच्या कडेने निघाली, बुरुजापाशी वळली, ओरडाओरडा, पुन्हा फुंकर. जोगळेकरांनी माझा हात हातात घेऊन हलवला, मग लाजून सोडला.
शेखभाई आले होते, नातीला घेऊन. बराच वेळ हौदाच्या काठाशी उकिडवे बसले. उठताना म्हणाले, "मंत्र म्हणालात वाटतं?" फराळाचा डबा दिला. नातीला चकली आवडली.
संध्याकाळी पणत्या. पाण्यात दिसत होत्या. मी आज काहीच काम केलं नाही, खुर्ची टाकून बसून होते.

९ नोव्हें., शुक्रवार. भाऊबीज
तळाला ओल धरली. गुराब किंचित उजवीकडे झुकलीय पण तरंगतेय. दुपारी बाहेर काढली, पंख्याखाली ठेवली. एक डाग राहील. जोगळेकरांना ती ऑफिसच्या काचेच्या कपाटात हवीय. विचार करते म्हटलं.
मनू दिवाळीनंतर सुट्टीवर यायची होती. फोन आला, बदली माणूस मिळाला नाही, आणखी दोन महिने. मी 'बरं' म्हटलं. तेव्हा म्हणाली, जहाज विसाव्या तारखेच्या आसपास मुंबईला येतंय. धक्का रिकामा नाही, बाहेर समुद्रात नांगरून राहणार. कॅप्टननी घरच्यांना परवानगी दिलीय. लाँचने न्यायचं, जहाजाच्या बाजूने शिडी सोडतात, ती चढायची, दिवसभर राहायचं.
"येशील?"
मी आयुष्यात बोटीत बसलेली नाही. खडकवासल्याला सगळे बोटीतून फिरायला गेले तेव्हा मी काठावर चपला सांभाळत होते.
"बाबा येतील," म्हटलं.
"बाबा येणारच आहेत. मी तुला विचारतेय." त्याच आवाजात. एकेक शब्द सुटा.
सांगते म्हणाले.

१३ नोव्हें., मंगळवार
शिडीचा फोटो पाठवलाय तिने. बघितला नसता तर बरं झालं असतं. जहाजाची भिंत चार मजली दिसते. फोटोत ती कठड्यापाशी उभी, केशरी बॉयलर सूट, हेल्मेट. खांद्यावर सैल आहे तो सूट. पुरुषाच्या मापाचा कापलाय, दोन इंच तरी उतरतोय. कोणी शिवला कुणास ठाऊक.
विचारलं, तो सूट असाच देतात का? म्हणाली, हो, सगळ्या मुली तशाच घालतात, बाह्या दुमडून.
सैल बाही कुठे अडकली तर? शिडीवर? हे कोणी बघत नाही का तिथे?

१५ नोव्हें., गुरुवार
सुधीरने परवानगीची कागदपत्रं दोघांची पाठवली. म्हणाला, नाव असलं म्हणून चढलंच पाहिजे असं नाही, लाँचमध्ये बसून खालून हात हलव.
"खालून हात हलवायला मुंबईला कशाला जायचं?"
"तेच म्हणतोय मी."
क्लासमध्ये आज शर्टाचा खांदा शिकवला. शिकवता शिकवता मनूचा सूट डोळ्यासमोर. उसवून, खांदा वर घेऊन, तिथल्या तिथे तासाभराचं काम आहे. पण ते अंगावर घालून बघितल्याशिवाय होत नाही.

१७ नोव्हें., शनिवार
मनूचा मेसेज: 'येणार असलीस तर साडी नको. शिडीवर चालत नाही. पँट नाहीतर सलवार, खाली आवळलेली.'
सलवार माझ्याकडे नाही. रोज इतरांच्या शिवते.
दुपारी कपाटातून निळं कॉटन काढलं, पडद्यासाठी आणलेलं. टेबलावर पसरलं. स्वतःची मापं माहीत नव्हती, शेवटची कधी घेतली ते आठवेना. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, टेप खाली घसरतो. सुधीरला बोलावलं.
त्याने पेपर ठेवला. टेप हातात घेतला आणि उलट्या बाजूने धरला. सरळ करून दिला. कंबर, सीट, उंची. घोट्यापाशी तो खाली बसला.
"इथे किती ढिली ठेवायची?"
"पाय उचलला की अडकायला नको."
"किती उचलणार?"
मी भिंतीला हात टेकून पाय उचलून दाखवला. अजून वर, म्हणाला. अजून वर उचलला.
आकडे खडूने कापडावरच मांडलेत. कात्री अजून लावली नाही. मनूला उत्तर द्यायचंय. चहा घेऊन बसते.